टाचेची रेघ

धुडकूनानांची आठवण आली की आधी त्यांचं तोंड डोळ्यांपुढे येत नाही, टाच येते. उजव्या पायाची, भेगाळलेली, इंजिनाच्या तेलानं काळी पडलेली टाच. धुळ्याच्या मोटार स्टँडवर रोज सकाळी लॉरी काढण्याआधी नाना त्या टाचेनं धुळीत एक आडवी रेघ ओढायचे. मग गाडी चांगली तीस-चाळीस पावलं मागं न्यायची, तिथून धावती आणायची आणि ब्रेक दाबायचा. पुढचं चाक रेघेवर थांबलं पाहिजे. थांबलं तर नाना खाली उतरून भाकरी खायला बसत. नाही थांबलं तर भाकरी फडक्यात तशीच राहायची आणि नाना गाडीखाली.

"आधी ब्रेक, मंग भाकर," असं ते म्हणायचे. पन्नाशीच्या माणसानं रोज उपाशीपोटी हा खेळ करावा याची स्टँडवर सगळ्यांना गंमत वाटे. कुणी म्हणे, "नाना, रेघेला हळदकुंकू वाहा." कुणी आधीच पुसून टाकी. नाना रागावत नसत. पुन्हा टाच घासत आणि सावकाश म्हणत, "गाडी कोनीबी चालाडस भो. थांबाडनारा जोयजे." चालवणारे पुष्कळ, थांबवणारा पाहिजे.

हे सगळं मी पाहायचो ते माझ्या ऑफिसच्या खिडकीतून. ऑफिस म्हणजे किराणा दुकानावरची एक खोली, एक टेबल आणि भिंतीवर माझी सनद. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, नवा कोरा वकील. पक्षकार नव्हते म्हणून खिडकी होती, असं माझी बायको म्हणायची, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. पेट्रोल मिळेना म्हणून मोटारींच्या पाठीला कोळशाच्या उभ्या भट्ट्या बांधल्या होत्या. सकाळी तासभर आधी भट्टी पेटवायची, पंख्यानं वारा घालायचा, मग कुठं गाडी खोकत खोकत चालू व्हायची. स्टँडवर असा धूर असे की माझ्या पांढऱ्या कोटाचा रंग दुपारपर्यंत करडा होई. टायर मिळत नव्हते, सुटे भाग मिळत नव्हते. नानांची लॉरी एका शेठची. शेठ माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगतो, नाहीतर लोक लगेच मनात राक्षस उभा करतात. तो व्यापारी होता, बस्स. ब्रेकची पट्टी मिळत नाही म्हटल्यावर नाना जिनिंगच्या कारखान्यातून मशिनच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे आणायचे, कापून, ठोकून ते ब्रेकला बसवायचे. ते झिजले की रेघ चुकायची. रेघ चुकली की दुसरे तुकडे. असं त्यांचं चालायचं.

नाना मूळचे चोपड्याकडचे. तरुणपणी कापसाच्या बैलगाड्या हाकत. मोटारी आल्या आणि गाडीवानांची भाडी बसली, तेव्हा बाकीचे मोटारींना शिव्या देत बसले आणि नाना जळगावला जाऊन मोटार शिकून आले. पण अंगातला गाडीवान काही गेला नाही. रस्त्यात बैलगाडी दिसली की ते मागून भोंगा वाजवत नसत. क्लीनरला पुढं पळवायचे, त्यानं बैलाच्या तोंडाला हात लावून उभं राहायचं, मग लॉरी हळूच बाजूनं न्यायची. बैल फारच बुजरा असला तर इंजिन बंद करून स्वतः थांबायचे. यात रोजचा घंटाभर जायचा आणि शेठ बोंबलायचा. नाना म्हणायचे, "बैलाले मोटार कळत नही शेठ. मोटारवालाले बैल कळाले जोयजे."

त्यांचं लायसन एका पत्र्याच्या डबीत असे. पोलिसांच्या मोठ्या साहेबाच्या सहीचं. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण लायसनच्या मागं छापलेले नियम त्यांनी कुणाकुणाकडून इतक्या वेळा वाचून घेतले होते की पाठ झाले होते. अपघात झाला तर गाडी थांबवावी. जखमी माणसाला मदत करावी. पोलिसांत खबर द्यावी. हे ते मला एकदा स्तोत्रासारखं म्हणून दाखवत होते आणि मी हसत होतो. कारण मोटारवाल्यांचा खरा नियम सगळ्या खानदेशाला माहीत होता. अपघात झाला की पळायचं. लोक शांत झाले की वकिलाला घेऊन हजर व्हायचं. आमचा अर्धा धंदा त्याच नियमावर चालत होता, खोटं कशाला बोलू?

नानांच्या गाडीत मी एकदाच बसलो. साक्रीला तारीख होती आणि उतारूंची सर्व्हिस मोटार बिघडली. आधी मोठ्या ऐटीत नको म्हणालो, मग निमूट लॉरीत चढलो. नानांनी माझं नाव विचारलं. वडलांचं विचारलं. घर कुठल्या गल्लीत, घरात कोण कोण, सकाळी काही खाल्लं का. मला वाटलं, म्हातारा चौकस आहे. मग पाहिलं तर वर पोत्यांवर बसलेल्या दोन हमालांनाही त्यांनी तेच विचारलं. त्यातला एक तर रोजचा होता. त्यालाही.

"नाना, रोजच्या माणसाचं गाव रोज विचारता?"

"त्यानी पोर कधी सासरले ऱ्हास, कधी माहेरले. इचारेल बरं."

"पण कशाला?"

ते गिअर बदलत होते, म्हणून थोडं थांबून बोलले. "रस्तामा काही व्हयनं, ते घर जाईसन सांगाले जोयजे ना? कोनले सांगू?"

पुढं एक उतार लागला. नानांनी एक बोट वर केलं. उतारावर कुणी बोलायचं नाही हा त्यांचा कायदा. खाली आलो तेव्हा त्यांनी फडकं सोडलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला. मी घरून जेवून आलो होतो, ते त्यांना सांगितलंही होतं. "मन्ही गाडीवर जो बठना, तो मन्हा घरना," ते म्हणाले. त्यांच्या गाडीवर बसलो म्हणजे त्यांच्या घरचाच, मग काय बोलणार! खाल्ली. ठेच्यानं कान तापले आणि साक्रीच्या कोर्टात मी उचक्या देत युक्तिवाद केला. ती तारीख मी हरलो.

त्या दिवशी वर बसलेला रोजचा हमाल म्हणजे सुका. साक्रीच्या अलीकडं रस्त्यापासून दोन कोसांवर त्याचं गाव. हडकुळा, पण दोन मणांचं पोतं पाठीवर घेऊन पळायचा. त्याला एकच लेक, नुकतीच सासरी गेलेली. नाना आणि सुका यांचं काही नातं नव्हतं, जातही वेगळी. पण नानांना तंबाखू लागली की सुका वरून हात खाली सोडायचा आणि नाना न बघता चिमूट उचलायचे. इतकी सवय.

पुढच्या वर्षीची गोष्ट. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी दोन दिवस नानांची रेघ चुकली. चाक हातभर पुढं गेलं. नाना शेठच्या स्टँडवरच्या पेढीवर गेले, म्हणाले, गाडी निघणार नाही. जळगावहून ब्रेकची खरी पट्टी येणार होती, ती आली नव्हती आणि जिनिंगचे तुकडे संपले होते. शेठनं आदळआपट केली. साक्रीच्या बाजारात मीठ आणि गूळ आखाजीला पोचला नाही तर काय पाडव्याला विकू का म्हणाला. नाना हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रेघ दीड हात चुकली. तरी हलले नाहीत. शेठनं नोकरीवरून काढायची धमकी दिली तेव्हा नाना म्हणाले, "काढा. जीव काय दुकानमा मिळस का?" हे सगळं मी खिडकीतून ऐकलं. मनात म्हटलं, शाब्बास.

तिसऱ्या दिवशी आखाजी. सकाळी उठून पाहतो तो लॉरी गेलेली. धुळीत रेघ होती, आणि तिच्या पुढं दीड हातावर चाकाची खूण.

संध्याकाळी शेठ माझ्या जिन्यावर धापा टाकत आला. साक्रीच्या अलीकडच्या उतारावर लॉरी कलंडली होती. नाना पहिल्या गिअरवर रांगत उतरत होते. मध्येच गिअर निसटला. ब्रेक लागेना. खाली नाल्याच्या फरशीपुलावर चार बैलगाड्या, आखाजीला माहेरी निघालेल्या लेकीबाळींनी भरलेल्या. नानांनी लॉरी डाव्या हाताच्या दरडीत घातली. गाड्या वाचल्या. वर बसलेला सुका खाली पडला आणि मिठाची पोती त्याच्या अंगावर आली. तो जागेवरच गेला.

"आणि ड्रायव्हर फरारी," शेठ म्हणाला. फौजदारानं तसं लिहूनही घेतलं होतं. मला नवल वाटलं नाही, वाईट वाटलं. शेवटी नानाही पळाले म्हणायचे.

नाना पळाले नव्हते. त्यांनी क्लीनरला, गोविंदाला, प्रेताजवळ बसवलं होतं आणि पोलिसांत खबर द्यायला एका गाडीवानाला पाठवलं होतं. आणि स्वतः दोन कोस उन्हात चालत सुकाच्या गावी गेले होते. घरी सांगायला. फौजदाराला ते सुकाच्या अंगणातच सापडले. त्या घरी काय झालं ते नानांनी मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पोर झोकावर व्हती." आखाजीचा झोका. बाप येणार म्हणून वाट बघत होती.

शेठनं जामीन दिला, वकीलपत्र मला दिलं. माझी पहिली मोठी केस. मी रात्रंदिवस कायदा उपसला आणि मला दोन गोष्टी दिसल्या. एक, नानांवर बेपर्वाईनं माणूस मारल्याचा आरोप. ब्रेक खराब असल्याचं नानांना माहीत होतं हे सरकारला सिद्ध करता आलं नाही, तर गिअर निसटला हा केवळ अपघात, नाना सुटतात. स्टँडवरचा एकही माणूस शेठविरुद्ध रेघेची साक्ष द्यायला येणार नव्हता, याची शेठनं व्यवस्था केली होती. दुसरी गोष्ट सुकाच्या बायकोची, भागाबाईची. त्या काळी दुसऱ्याच्या जिवासाठी मोटारीचा विमा काढायची सक्ती नव्हती. पण कामावर मेलेल्या मजुराची भरपाई मालकानं द्यावी असा कायदा होता. म्हणजे सगळं यावर अडलं, की सुका लॉरीवर कामासाठी चढला होता की स्वतःच्या मर्जीनं.

शेठचं म्हणणं, मर्जीनं. घरी आखाजी म्हणून फुकट बसला.

मी गोविंदाला बोलावलं. दोन पोरांचा बाप, सरळ माणूस. त्यानं जे सांगितलं ते ऐकून माझं डोकंच फिरलं. नाना तिसऱ्या दिवशीही नाहीच म्हणत होते. शेठच्या मुनिमानं सुकाला माल उतरवायला म्हणून वर चढवून ठेवलं होतं, तरी नाना खालीच बसलेले. तेव्हा सुका पोत्यांवरून उतरला आणि नानांच्या पायाशी बसला. "चाला ना नाना. आखाजी शे. पोर वाट देखी राहिनी व्हई." नाना उठले. शेठ दोन दिवस ओरडून जे करू शकला नाही, ते सुकानं एका वाक्यात केलं.

वकिलाला असा पुरावा म्हणजे पक्वान्नाचं ताट! मयतानंच गाडी काढायला लावली, एवढंच गोविंदाकडून वदवायचं, ब्रेकचं आणि मुनिमाचं काढायचंच नाही. मॅजिस्ट्रेटही माणूस असतो, शिक्षा हलकी होणारच. शेठही खूश, कारण सुका घरी जायला निघाला होता हे त्यातून शाबीत होत होतं. माझ्या दोन्ही हातांत लाडू. मी नानांना निरोप धाडला, गोविंदाची साक्ष काढतो, तुम्ही फक्त तोंड मिटून बसा.

निरोप परत आला, की नाना धुळ्यात नाहीत.

खटल्याच्या दिवशी नाना कोर्टाच्या व्हरांड्यात उभे. मी त्यांना आधी ओळखलंच नाही. डोक्याचा गोटा, मिशा नाहीत. पागोटं काखेत.

"नाना! हे काय करून बसलात?"

"दहावा व्हता सुकाना."

जामिनावर सुटल्याबरोबर ते सुकाच्या गावी गेले होते. पहिल्या दिवशी सुकाचा भाऊ काठी घेऊन धावला. नाना अंगणाबाहेर निंबाखाली जाऊन बसले. दहाव्यापर्यंत तिथंच. सुतक धरलं, एकवेळ जेवले, जमिनीवर निजले. दहाव्याला पांझरेच्या काठी न्हावी भाऊबंदांची डोकी करत होता, नाना ओळीच्या शेवटी जाऊन बसले. न्हाव्याचा वस्तरा थांबला. त्यानं भावाकडं पाहिलं. भाऊ नदीकडं तोंड फिरवून म्हणाला, कर.

मी कपाळावर हात मारला. "अहो नाना, गुन्हा डोक्यावर लिहून आणलात की! सरकारी वकील हेच विचारणार, नातं नाही गोतं नाही, मग मुंडण कशाचं? मनात पाप होतं म्हणून! वर्षभर वहाणा झिजवल्या मी तुमच्यासाठी," असं काहीतरी बोललो. वर्षभर वगैरे काही नव्हतं, तीन आठवडे झाले होते. रागात माणूस वर्षभर म्हणतो.

नाना व्हरांड्याच्या टोकाकडं बघून म्हणाले, "गोविंदाले घर धाडा."

तिकडं खांबाशी भागाबाई बसली होती. शेजारी लेक.

"नाना, त्याची साक्ष तुमच्या फायद्याची आहे."

"सुकानी माले सांगं, म्हनीसन मी गाडी काढी. पन गाडी कोन्ही? मन्ही. रेघ कोन्ही? मन्ही. तो बिचारा पोत्यावरना. मेलेलाना आंगवर मी टाकाव नही." आणि भागाबाईकडं हनुवटी करून, "आनि ते सांगं तं तिले काय मिळई?"

म्हणजे म्हाताऱ्याला सगळं कळलं होतं. मी तीन आठवडे पुस्तकांत डोकं घालून जे काढलं होतं, ते त्यानं निंबाखाली बसून काढलं होतं. गोविंदा बोलला तर नाना अर्धे सुटत होते आणि भागाबाई पुरती बुडत होती.

मला आजही नीट सांगता येत नाही मी काय विचार केला ते. शेठ समोर उभा होता. माझी फी त्यानं दिलेली. मी गोविंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, जा, घरी जा.

आत मॅजिस्ट्रेटांनी नानांना विचारलं, काय सांगायचं आहे. नाना कोर्टात शुद्ध बोलायचा प्रयत्न करत आणि अडले की अहिराणीवर येत. "गाडीचे ब्रेक खराब होते साहेब. माले माहीत व्हतं. रेघ दीड हात चुकत होती."

"कसली रेघ?"

नानांनी पिंजऱ्यातल्या पिंजऱ्यात पाय मागं घेतला आणि फळीवर टाच ओढून दाखवली. कोर्टात कुणी हसलं नाही. "शेठले मी दोन दिवस सांगं. तिसरा दिन मीच गाडी काढी. कोनी जबरी करी नही. सुकाले मुनिमनी चढाया, पोता उताराले. तो कामवर व्हता."

शेठ बाकावरून अर्धा उठला आणि बसला. सरकारी वकिलानं उठून तो मुंडणाचा मुद्दा काढलाच. मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, "मयत तुमचा कोण?"

"कोनी नही."

"मग सुतक कसलं धरलं?"

"मन्ही गाडीवर बठना व्हता साहेब."

मॅजिस्ट्रेट परगावचे होते, त्यांना हे भाषांतर करून सांगावं लागलं. मीच सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

तीन महिने साधी कैद, आणि लायसन कायमचं रद्द. नानांनी बंडीतून पत्र्याची डबी काढली. लायसन कपाळाला लावलं आणि शिरस्तेदाराच्या हातात दिलं. डबी परत खिशात ठेवायला लागले, मग तीही टेबलावर ठेवून दिली. कैदेचं त्यांना काही वाटलं नसावं. पण डबी ठेवताना त्यांचा हात तिच्यावर थोडा जास्त वेळ राहिला, ते मी पाहिलं. पंचवीस वर्षांत ओरखडासुद्धा नव्हता त्या लायसनवर.

भागाबाईला भरपाई मिळाली. नानांच्याच जबाबावर मिळाली, दुसरा पुरावा काय होता? शेठनं मला पुन्हा केस दिली नाही आणि गावातल्या चार व्यापाऱ्यांनाही देऊ दिली नाही. माझी खिडकी आणखी दोन वर्षं मला मोकळी मिळाली. बायकोला मी खरं कारण बरंच उशिरा सांगितलं. ती म्हणाली, हे आधी सांगितलं असतंत तर एवढी बोलले नसते.

सुटून आल्यावर नाना स्टँडवरच राहिले. दुसरं येत काय होतं? भट्ट्यांसाठी कोळसा फोडत, मोटारींत पाणी ओतत. कुणाच्या सीटवर मात्र बसले नाहीत, गंमत म्हणूनही नाही. दर आखाजीला डोकं करून सुकाच्या घरी जायचे. तिथं पितरांची घागर भरताना तिच्यावर ठेवायचं डांगर, म्हणजे खरबूज, नाना घेऊन जात. एवढं मोठं की दोन्ही हातांनी धरावं लागे. सुकाचा भाऊ नंतर नंतर त्यांना वेशीपर्यंत सोडायला येऊ लागला.

माझी त्यांची शेवटची भेट झाली तेव्हा लढाई संपून गेली होती. माझंही बरं चाललं होतं. साक्रीला मोठी तारीख होती, चुकली तर दावाच निकाली निघाला असता. सकाळच्या सर्व्हिस मोटारीत मी पुढची जागा धरून बसलो. मोटार भरली. ड्रायव्हर नवा, बाहेरगावचा, केसांना तेल लावून भांग पाडलेला. एवढ्यात समोर एक म्हातारा आला. त्यानं धुळीत टाच ओढली आणि हात वर केला.

"हे काय?" ड्रायव्हरनं विचारलं. लोक हसले. कुणीतरी सांगितलं, करून टाक बाबा, इथली रीत आहे. ड्रायव्हरनं मोटार मागं घेतली, ऐटीत पुढं आणली आणि ब्रेक मारला. चाक रेघेच्या पुढं गेलं. फार नाही, हातभर.

नाना वाकून चाकाजवळ गेले. खूण बघितली. मग मोटारीच्या पुढं, दोन्ही चाकांच्या मधोमध, मांडी घालून बसले.

एकच कल्ला उठला. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. एक बाई ओरडली, तिचं पोर तापलेलं होतं, साक्रीला दवाखान्यात न्यायचं होतं. कुणी म्हाताऱ्याला वेडा म्हणालं, कुणी उचलून बाजूला करा म्हणालं. ड्रायव्हर माझ्याकडं वळला. "वकीलसाहेब, तुम्ही शिकलेले. याला सांगा. कायद्यानं हा कोण लागतो?"

मी घड्याळ पाहिलं. कचेरी भरायला वेळ होता, पण फार नव्हता. मी म्हणालो, "कायद्यानं कोणी नाही."

मग मी खाली उतरलो. आधी त्या बाईसाठी समोरचा टांगा ठरवून दिला, पोराला तो गावातल्याच डॉक्टरकडं घेऊन गेला. परत आलो. नाना तसेच बसलेले, डोकं पुन्हा नुकतंच केलेलं, आखाजी चार दिवसांवर होती. त्यांनी मला ओळखलं की नाही मला कळलं नाही. मी कोट सावरला, धोतराचा सोगा वर घेतला आणि त्या तेलकट धुळीत त्यांच्या शेजारी बसलो.

नानांनी माझ्याकडं बघितलं नाही. जरासं सरकून त्यांनी मला जागा करून दिली.